मालवाहू जहाजाने दूरच्या बेटांवर: बेत आखण्यापासून परतीपर्यंत

मालवाहू जहाज आपल्यासाठी निघत नाही. बेटावर डिझेल, सिमेंट, पीठ, औषधं आणि टपाल पोचवायचं, तिथलं खोबरं किंवा गोठवलेले लॉबस्टर भरून परतायचं, हे त्याचं काम. केबिन रिकामी आहे म्हणून आपल्याला जागा मिळते. सुट्टी किती काढायची, विमानाचं तिकीट कधीचं घ्यायचं, बॅग कसली न्यायची, हे सगळे प्रश्न याच एका गोष्टीपाशी येऊन सुटतात. तेव्हा पुढचं वाचताना ती मनात असू द्या.

आधी जहाज, मग बेट

नकाशावर एखादा ठिपका आवडतो आणि मग माणूस तिथं जाणारं जहाज शोधत बसतो. मी सुचवेन उलटा क्रम. प्रवासी घेणारी मालवाहू जहाजं आज फार उरलेली नाहीत. २०२० च्या साथीत मोठ्या कंटेनर कंपन्यांनी प्रवासी घेणं थांबवलं आणि त्यातल्या बऱ्याच कंपन्यांनी ते पुन्हा सुरू केलंच नाही. अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाला जोडणारं ‘आरएमएस सेंट हेलेना’ हे टपाल-मालवाहू जहाज फेब्रुवारी २०१८ मध्ये शेवटची फेरी करून निवृत्त झालं. बेटावर ऑक्टोबर २०१७ पासून नियमित विमान येऊ लागलं होतं, मग जहाजाला काम उरलं नाही. तरी त्या जहाजाचं तिकीट कसं काढावं हे सांगणारे जुने लेख अजून सापडतात. या विषयावरची कुठलीही माहिती वाचताना ती कधीची आहे ते पहिल्यांदा बघा.

जहाजं निवडताना बारा हा आकडा लक्षात ठेवावा लागतो. समुद्रातल्या सुरक्षेचा ‘सोलास’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यानुसार बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारं जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरतं आणि मग त्याला आगीपासून बचाव, जीवरक्षक होड्या, जहाजाच्या तळातले विभाग या सगळ्याचे कितीतरी कडक नियम लागतात. एवढा खर्च कोण करणार? म्हणून साधं मालवाहू जहाज बारा प्रवाशांवर थांबतं. जागा इतक्या कमी का आणि त्या इतक्या आधी का भरतात, त्याचं मूळ इथं आहे.

या हिशेबाने तीन तऱ्हा पडतात.

पहिली तऱ्हा अर्धं मालवाहू, अर्धं प्रवासी अशी. ठळक उदाहरण म्हणजे पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियातलं ‘अरानुई ५’. २०१५ च्या अखेरीस सेवेत आलेलं हे जहाज ताहितीच्या पापीते बंदरातून मार्केसस बेटांना जातं. पुढच्या बाजूला क्रेन आणि मालाची कोठारं, मागच्या बाजूला दोनशेहून अधिक प्रवाशांसाठी केबिन. सुमारे बारा दिवसांची फेरी, वर्षभराचं वेळापत्रक आधीच जाहीर. जेवण आणि किनाऱ्यावरची बहुतेक भटकंती तिकिटातच येते. वर छोटा पोहण्याचा तलावही आहे, त्यामुळे ‘खऱ्या’ मालवाहू जहाजाचे भोक्ते नाकं मुरडतात. मुरडू द्या. बेटावरचे लोक पिकअप गाड्या घेऊन धक्क्यावर जमतात ते सिमेंट आणि शीतपेयांची खोकी उतरवून घ्यायला, तुमचं स्वागत करायला नव्हे. जहाज खरोखर कामाचंच आहे.

दुसरी तऱ्हा बारा प्रवाशांची. पॅसिफिकमधल्या पिटकेर्न बेटाला ‘सिल्व्हर सपोर्टर’ हे जहाज जातं. बेटाची लोकसंख्या पन्नासाच्या आत, विमानतळ नाही. प्रवासी आधी ताहितीहून विमानाने गँबियर बेटांमधल्या मांगारेवाला जातात आणि तिथून जहाजात बसतात. पुढे पाचशे किलोमीटरहून थोडं जास्त अंतर, साधारण दीड दिवसाचं. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्याला केप टाउनहून मासेमारीची आणि मालाची जहाजं वर्षातून मोजक्या वेळा जातात. त्यांतही प्रवाशांसाठी अशाच मोजक्या खाटा असतात.

तिसरी तऱ्हा सरकारी पुरवठा-जहाजांची. फ्रान्सचं ‘मारियों द्युफ्रेन’ रेयुनियों बेटावरून निघून क्रोझे, केर्गेलेन आणि अ‍ॅम्स्टरडॅम बेटांवरच्या संशोधन तळांना रसद पोचवतं. एक फेरी जवळपास महिन्याची, आणि काही फेऱ्यांना थोडे पर्यटक घेतात. दक्षिण आफ्रिकेचं ‘एसए अगल्हास २’ वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या सुमारास, गॉफ बेटावरच्या हवामान केंद्रातली माणसं बदलायला जातं आणि वाटेत ट्रिस्टनला थांबतं. (अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या शॅकल्टनचं बुडालेलं जहाज ‘एन्ड्युरन्स’ मार्च २०२२ मध्ये अंटार्क्टिकाजवळ सापडलं, ती शोधमोहीम याच जहाजावरून झाली होती.) या तऱ्हेत जागा मिळणं सर्वांत अवघड, पण बर्फ फोडणारं किंवा हेलिकॉप्टर वाहणारं जहाज आतून बघायचं असेल तर दुसरा मार्ग नाही.

पहिलाच प्रवास असेल तर मी अरानुईच सुचवेन. तारखा पक्क्या, सोबत डॉक्टर, आणि फारच असह्य झालं तर मार्केससमधल्या नुकू हिवा किंवा हिवा ओआ बेटावरून पापीतेचं विमान पकडता येतं. ट्रिस्टनला जाताना जहाजात चढलात की मध्ये उतरायला जागाच नाही.

दिवसांचा हिशेब कागदावर मांडा

जहाजाचा वेग नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. बारा नॉटने चालणारं जहाज चोवीस तासांत सुमारे ५३० किलोमीटर कापतं. केप टाउन ते ट्रिस्टन अंतर जवळपास २,८०० किलोमीटर, म्हणजे कागदावर सव्वापाच दिवस. प्रत्यक्षात सहा-सात दिवस धरा, आणि समोरून वारा लागला तर दहाही. ट्रिस्टन ३७ अंश दक्षिणेला आहे, पश्चिमेकडून सतत वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांच्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर. जहाज पूर्वेकडून जातं, म्हणजे जाताना वारा बहुधा तोंडावर. परतीचा प्रवास त्यामानाने सोपा.

हे झालं जहाजाच्या चालीचं. पुढे उतरण्याचा प्रश्न येतो. ट्रिस्टनच्या एकमेव गावाला, ‘एडिंबरो ऑफ द सेव्हन सीज’ला, कॅलशॉट नावाचं अगदी छोटं बंदर आहे आणि लाटांमुळे ते वर्षातले साधारण साठ-सत्तर दिवसच वापरता येतं. मोठं जहाज आत येऊच शकत नाही. बाहेर नांगर टाकून वाट बघतं. बेट समोर दिसतंय, घरांचे दिवे दिसताहेत आणि चार दिवस डेकवरच बसून आहोत, असं घडतं. त्याची मनाची तयारी आणि सुट्टीची तरतूद, दोन्ही घरूनच करून निघावं.

माझा ठोकताळा असा: अरानुईसारख्या जहाजासाठी निघण्याआधी दोन आणि परतल्यावर दोन दिवस मोकळे ठेवा. पिटकेर्नसाठी परतल्यावर निदान चार-पाच, कारण मांगारेवाहून ताहितीला जाणारी विमानं आठवड्यात मोजकीच असतात आणि एक हुकलं तर पुढचं लगेच नसतं. ट्रिस्टनसाठी दोन आठवडे. ऑफिसात महिन्याची रजा मंजूर झाली म्हणून ट्रिस्टनचा बेत आखू नका. जाऊन-येऊन प्रवासच पंधरवडा खातो, आणि बेटावर मुक्काम किती घडेल ते जहाजाच्या फेऱ्यांवर ठरतं. कधी माल उतरेपर्यंतचे काही दिवस, कधी दीड-दोन महिने.

परवानगी हातात आल्याशिवाय पैसे भरू नका

बहुतेक बेत इथं कोसळतात. ट्रिस्टनला पाय ठेवण्याआधी तिथल्या आयलंड कौन्सिलची मंजुरी लागते. कशासाठी येताय, किती दिवस, कुणाकडे राहणार, हे लिहून प्रशासकाच्या कार्यालयाकडे अर्ज करायचा. मंजुरी आली की जहाजाची जागा मागायची. जागा देतानाही क्रम ठरलेला आहे: आजारी माणसं, बेटावरचे रहिवासी, सरकारी कामाचे लोक हे आधी आणि पर्यटक सर्वांत शेवटी. तुमची पक्की झालेली खाटसुद्धा एखाद्या रुग्णासाठी काढून घेतली जाऊ शकते. यात रागावण्यासारखं काही नाही. त्या लोकांना रुग्णालयात जायचा हाच एक रस्ता आहे. शिवाय परतीची जागा निश्चित असल्याचं आणि वैद्यकीय विमा असल्याचं दाखवावं लागतं.

अर्ज लिहिताना ‘जगातलं सर्वांत दुर्गम बेट बघायचंय’ एवढंच लिहू नका. हे त्यांनी हजारदा वाचलेलं असणार. पक्षी बघायचेत, ज्वालामुखीवर चढायचंय, १९६१ च्या उद्रेकानंतर सगळं गाव ब्रिटनला हलवलं गेलं आणि १९६३ मध्ये बहुतेकजण परत आले त्या इतिहासात रस आहे, असं जे खरं असेल ते चार ओळींत सांगा.

व्हिसाबाबत दोन सापळे आहेत. एक, बंदराचा देश तुम्ही दोनदा गाठता. केप टाउनहून निघालात की परत केप टाउनलाच उतरणार, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत दुसऱ्यांदा प्रवेश. तुमच्या पासपोर्टला तिथला व्हिसा लागत असेल तर तो एकाहून जास्त प्रवेशांचा हवा, आणि त्याची मुदत जहाजाला उशीर झाला तरी पुरली पाहिजे. दोन, फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, मोडत नाही. साध्या शेंगेन व्हिसावर पापीतेला उतरता येत नाही. त्या प्रदेशाचा स्पष्ट उल्लेख असलेला व्हिसा लागतो. विमान अमेरिकेतून जाणारं असेल तर तिथला मधला थांबासुद्धा बिनव्हिसाचा नसतो. पिटकेर्नला जाणाऱ्याला फ्रेंच पॉलिनेशियात दोनदा शिरावं लागतं हेही विसरू नका.

एवढं सगळं जमेपर्यंत सहा महिने ते वर्ष सहज जातं. घाई असलेल्या माणसाने हा नाद करू नये.

जागा मागताना काय विचारावं

केबिन कुठल्या मजल्यावर आणि जहाजाच्या लांबीत कुठे आहे, हा पहिला प्रश्न. जहाज झोक्यासारखं हलतं. मध्यावर आणि खाली हालचाल कमी, टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त. वरची खिडकीवाली केबिन महाग असते आणि पोटाला तीच जास्त त्रास देते. अरानुईत सामायिक खोलीतली खाट सर्वांत स्वस्त पडते. केबिनचा दर माणशी काही हजार अमेरिकन डॉलरमध्ये जातो, त्यामुळे खोलीत आणखी माणसं चालणार असतील तर बराच पैसा वाचतो. दिवसभर तुम्ही डेकवर किंवा किनाऱ्यावरच असणार आहात.

बाकीचे प्रश्न पटापट: फेरी रद्द झाली तर पैसे परत की पुढच्या फेरीत जागा? वयाची अट किंवा डॉक्टरांचा दाखला लागतो का? शाकाहारी जेवण मिळेल का? (हे आधी कळवलं तर मिळतं, जहाजावर चढून सांगितलं तर बटाटे.) दोरशिडीवरून होडीत उतरावं लागतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल आणि गुडघे कुरकुरत असतील तर बेत बदला. संकोच करू नका.

प्रकृती, विमा आणि बोट लागणं

शंभर किंवा अधिक माणसं घेऊन तीन दिवसांपेक्षा जास्त आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजावर डॉक्टर असलाच पाहिजे, असं २००६ चा सागरी श्रम करार सांगतो. बारा प्रवासी आणि काही खलाशी असलेलं जहाज त्यात बसत नाही. तिथं प्रथमोपचार शिकलेला एखादा अधिकारी असतो आणि तो किनाऱ्यावरच्या डॉक्टरांशी उपग्रहावरून बोलून औषध देतो. ट्रिस्टनच्या वाटेवर तुम्ही हेलिकॉप्टरच्या पल्ल्याबाहेर असता. अपेंडिक्स फुटलं तर जहाज मागे फिरवणं एवढाच उपाय. त्यामुळे दुखरा दात, जुना हर्निया, न तपासलेला रक्तदाब ही सगळी कामं निघायच्या तीन महिने आधी उरकून घ्या. रोजच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट न्या, आणि दोन वेगळ्या बॅगांत ठेवा.

विम्याच्या कागदावर तीन गोष्टी शोधा: दुर्गम ठिकाणाहून रुग्ण हलवण्याचा खर्च, त्याची मर्यादा, आणि मालवाहू जहाजावरचा प्रवास वगळलेला आहे का. नेहमीच्या प्रवास विम्यात ही तिसरी ओळ कुठेतरी बारीक अक्षरात दडलेली असू शकते. कंपनीला जहाजाचं नाव आणि मार्ग कळवून होकार लेखी घ्या.

आता बोट लागणं. कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो ‘आपण हलतोय’, डोळ्यांसमोरची केबिनची भिंत म्हणते ‘आपण स्थिर आहोत’, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. त्यामुळे केबिनमध्ये पडून पुस्तक वाचणं हा सर्वांत वाईट इलाज. बाहेर जा, जहाजाच्या मध्यावर उभे राहा, क्षितिजाकडे बघत राहा. ते जमत नसेल तर आडवे होऊन डोळे मिटा. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, आलं, थोडं थोडं पाणी.

औषधांत सिनारिझिन, मेक्लिझिन यांसारख्या गोळ्या आणि कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी चालते. यांतलं काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असलेल्यांना ही पट्टी चालत नाही. ती जहाज सुटायच्या निदान चार तास आधी लावायची, तीन दिवस टिकते, आणि लावल्यावर हात धुवायचे. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसायला लागतं. कुठलंही औषध घरी एकदा घेऊन बघा. काहींना इतकी झोप येते की दर्या बघायला गेलेला माणूस तो बघतच नाही. औषध सुरू करायची वेळ उलटीनंतरची नसते, बंदर सुटण्याआधीची असते. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं.

बॅग

चाकांची कडक सूटकेस घरी ठेवा. सामान जाळीत घालून क्रेनने उतरवतात किंवा साखळी करून हातोहात होडीत देतात, तिथं मऊ कापडी थैलीच बरी. तिच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी, आणि पासपोर्ट, पैसे, औषधं, कॅमेरा यांसाठी तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी वेगळी. ही पिशवी कायम अंगावर.

कपड्यांचं काम सोपं आहे: उष्ण कटिबंधातल्या बेटांवर पातळ पूर्ण बाह्यांचे कपडे, दक्षिणेकडच्या बेटांवर लोकरीचे थर आणि वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. चपला नकोत. मागे पट्टा असलेल्या, भिजल्या तरी चालतील अशा सँडल आणि चांगल्या पकडीचे बूट. मार्केसस बेटांवर ‘नोनो’ नावाच्या बारीक चावऱ्या माश्या आहेत. डास चावल्यासारखं वाटतं, पण खाज कित्येक दिवस राहते. अंगाला लावायचं औषध इथूनच न्या आणि खाजवू नका. तिथल्या दमट हवेत जखमा चिघळतात.

बूट, सॉक्स, बॅगेचे कप्पे आणि खरखरीत चिकटपट्ट्या (वेल्क्रो) निघण्याआधी ब्रशने घासून काढा. त्यात अडकलेलं एक गवताचं बी बेटाला महाग पडू शकतं. गॉफ बेटावर एकोणिसाव्या शतकात सीलच्या शिकारी जहाजांबरोबर घरगुती उंदीर आले. आज ते अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची जिवंत पिल्लं कुरतडून खातात. २०२१ मध्ये हेलिकॉप्टरने विषारी दाणे टाकून त्यांचा नायनाट करायचा मोठा प्रयत्न झाला आणि तरी त्याच वर्षाअखेरीस उंदीर पुन्हा दिसला. म्हणून अशा जहाजांवर तुमची बॅग उघडून बूट तपासले गेले तर सहकार्य करा. फळं, बिया, मध असलं काही नेऊ नका. पिटकेर्नवरच्या मधमाश्या रोगमुक्त म्हणून नावाजलेल्या आहेत आणि बाहेरचा मध ही तिथं भेटवस्तू ठरत नाही.

पैसे

ट्रिस्टनला ब्रिटिश पौंड, पिटकेर्नला न्यूझीलंड डॉलर, मार्केससला सीएफपी फ्रँक. या फ्रँकचा दर युरोशी कायमचा बांधलेला आहे, एका युरोला सुमारे ११९.३३. मार्केससच्या मोठ्या गावांत पैसे काढायचं यंत्र मिळतं, लहान बेटांवर नाही. बाकी दोन ठिकाणी रोखच धरून चला, आणि लहान नोटा.

जहाजावर

पहिल्याच दिवशी धोक्याच्या इशाऱ्याचा सराव होतो. सात छोटे भोंगे आणि एक लांब, असा तो इशारा. ऐकला की जीवरक्षक जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी जायचं. केबिन ते ती जागा हा रस्ता एकदा उजेडात आणि एकदा रात्री चालून बघा.

क्रेन चालू असताना डेकवर कुठं उभं राहायचं नाही ते विचारून घ्या. लोंबकळणाऱ्या मालाखालून कधीच जायचं नाही, फोटोसाठीही नाही. जहाजाच्या दारांचे उंबरठे उंच आणि दारं जड असतात. डोल आला की ती आपटतात, म्हणून चौकटीवर बोटं ठेवू नयेत. चालताना एक हात नेहमी कठड्यावर. गरम चहा दोन्ही हातांत धरून जिना चढणारा माणूस दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून फिरताना दिसतो.

सुकाणूघरात जायला आवडेल असं कप्तानाला किंवा पहिल्या अधिकाऱ्याला विचारा. खुल्या समुद्रात बहुधा हो म्हणतात, बंदरात शिरताना किंवा निघताना विचारूही नका. खलाशी पाळ्यांनी काम करतात; दुपारीही कुणीतरी झोपलेलं असतं, तेव्हा बोळात मोठ्याने बोलू नये. पण पाळी संपवून डेकवर टेकलेला खलाशी बहुधा गप्पांना उत्सुक असतो. बेटांबद्दलचं खरं ज्ञान तिथंच मिळतं. अरानुईवरचे बरेच खलाशी त्याच बेटांवरचे. कुणाचा चुलत भाऊ पुढच्या धक्क्यावर खोबऱ्याची पोती घेऊन उभा असतो.

घड्याळाकडेही लक्ष ठेवा. मार्केसस बेटांची वेळ ताहितीपेक्षा अर्ध्या तासाने पुढे आहे. मोबाइलला सिग्नल नसला तर तो जुनीच वेळ दाखवत राहतो आणि परतीची शेवटची होडी अर्धा तास आधी सुटते. जहाजाच्या फळ्यावर लिहिलेली वेळ खरी.

काय चुकवू नये? अरानुईवर असाल तर उआ हुका बेटावरचं वाइपाए. दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या खाडीत पहाटे जहाज जागच्या जागी उलटं फिरतं, आणि खलाशी होडीतून जाऊन दोन्ही बाजूंच्या कड्यांवर दोर बांधतात. त्या दिवशी गजर लावून उठा. फातू हिवावर ओमोआ ते हानावावे अशी सोळा-सतरा किलोमीटरची डोंगरवाट आहे. तुम्ही चालत पलीकडे उतरता आणि जहाज समुद्रातून तिथं येऊन थांबतं. या बेटावर विमानतळ नाही, त्यामुळे इथं येणारा प्रत्येकजण समुद्रावरूनच आलेला. हिवा ओआवर अतुओनाच्या दफनभूमीत चित्रकार पॉल गोगँची कबर आहे, तो १९०३ मध्ये तिथंच वारला. गर्दी तिथंच होते. मला विचाराल तर फातू हिवाची डोंगरवाट जास्त मोलाची. मार्केसस बेटं २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली आहेत, त्यामुळे जागा पूर्वीपेक्षा लवकर भरतील असं धरून चाला.

होडीत उतरणं

पुढच्या काही ओळी दोनदा वाचा, कारण अशा प्रवासात इजा होते ती बहुधा इथं. मार्केसस बेटांना लाटा अडवणारे प्रवाळखडक नाहीत, पिटकेर्नच्या बाउंटी बेमध्ये जहाज बाहेरच थांबतं आणि बेटकरी आपल्या लांब होड्या घेऊन येतात. होडी लाटेबरोबर मीटर-दोन मीटर वरखाली होत असते.

हात मोकळे ठेवा. पाठीवरची पिशवी आधी खलाशाकडे द्या. ती पाठीवरच ठेवावी लागली तर कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पाण्यात पडलात तर झटकन काढता आली पाहिजे. जीवरक्षक जॅकेट सगळ्यात वर. खलाशाचा पंजा धरू नका. एकमेकांचं मनगट धरा, ती पकड ओल्या हातालाही सुटत नाही. होडी वर येऊन क्षणभर थांबते तेव्हा खलाशी ‘आता’ म्हणेल, तेव्हाच पाऊल टाका. एकच पाऊल, उडी नाही. मनात शंका आली तर एक लाट जाऊ द्या. दोन काठांच्या मध्ये हात किंवा पाय कधीही येऊ देऊ नका. होडीत आल्याबरोबर खाली बसा आणि सरकून पुढच्याला जागा करा. अरानुईवरचे खलाशी सरळ उचलूनच ठेवतात. अशा वेळी अंग सैल सोडावं.

कप्तान ‘आज उतरणं नाही’ म्हणाला तर वाद घालायचा नाही.

बेटावर

जहाज आलेला दिवस गावाच्या धावपळीचा असतो. माल उतरवणं, मोजणं, वाटणं, टपाल, परतीचा माल. त्या दिवशी यजमानाकडे लक्ष मागू नका. उलट पोती उचलायला हात लावायची तयारी दाखवा. नको म्हणाले तर बाजूला उभे राहा. ट्रिस्टनवर राहणं कुणाच्या घरी किंवा पाहुण्यांसाठी ठेवलेल्या घरात, हे अर्जाच्या वेळीच ठरतं. दुकानातला माल पुढच्या जहाजापर्यंत पुरवायचा असतो, त्यामुळे फडताळावरची शेवटची चार पाकिटं घेऊन निघू नका. भेट न्यायची तर काय हवंय ते आधी पत्राने विचारा. आपल्या अंदाजाने नेलेली शोभेची वस्तू जहाजावरची जागा खाते.

डोंगरावर एकट्याने जाऊ नका. ट्रिस्टनवर गावाच्या पठाराबाहेर जाताना वाटाड्या सोबत घ्यावा लागतो, आणि हवा मिनिटांत फिरते.

परतीचे दिवस

निघण्याच्या दोन दिवस आधीपासून बॅग बांधून ठेवा. समुद्र शांत दिसला तर जहाज ठरल्यापेक्षा लवकर सुटू शकतं, आणि निरोप यायचा तो तासभर आधी. उधारी चुकती करा, भाड्याने घेतलेल्या वस्तू परत द्या.

पुढचं विमान बदलता येणारं घेतलं आहे ना, ते तिकीट काढतानाच बघितलेलं असावं. स्वस्त न बदलणाऱ्या तिकिटात वाचलेले पैसे एका उशिरात जातात. बंदरातल्या मुक्कामाची पहिली रात्रही रद्द करता येईल अशीच बुक करा.

जमिनीवर पाय ठेवल्यावर जमीन हलल्यासारखी वाटेल, विशेषतः अंघोळ करताना डोळे मिटले की. शरीर अजून लाटांशी जुळवून घेत असतं. बहुतेकांचं हे एक-दोन दिवसांत जातं. तोवर गाडी चालवू नका आणि जिन्यावर कठडा धरा. आठवडे उलटूनही ते थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा आणि किती दिवस जहाजावर होतात ते त्यांना आवर्जून सांगा.